बावखलावरची बाग

“...पण मग झाडं लावणं हेसुद्धा आता पाप झालं का, फादर?”

इनास रुमावनं हे हसत हसत विचारलं. आतून तो धुमसत होता.

चर्चच्या मागच्या व्हरांड्यात म्हातारे फादर रेमेत वाल सोलत बसले होते. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी वसईच्या त्या वाड्यांमध्ये शब्द चालायचा तो त्यांचाच.

“पाप कोण म्हणालं? मी वाल सोलतोय.”

इनास त्यांच्याच हाताखाली वेदीसेवक म्हणून वाढलेला. आता धर्मग्रामाच्या पर्यावरण समितीचा अध्यक्ष. सणाच्या जेवणातून थर्माकोल त्यानं हद्दपार केला, कबरींवरची प्लास्टिकची फुलं उचलायला लावली, त्यापायी शिव्याही खाल्ल्या. शेवटी चर्चमागचं बावखल, म्हणजे वाडवडिलांनी वाडीच्या शिंपणासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, बुजवून त्यावर बाग केली. रविवारी तिच्या उद्घाटनाला बिशप यायचे होते. आणि जुनी माणसं म्हणत होती, फादर रेमेत आशीर्वाद देतील तेव्हाच आम्ही त्या बागेत पाऊल टाकू.

“काय काय लावलंस?”

“आंबा, जांभूळ, बकुळ. मधोमध संत फ्रान्सिसचा पुतळा. पाखरांना दाणे घालताना.”

“येतात पाखरं?”

“येतील. पुतळा नवा आहे अजून.”

“पूर्वी खंड्या यायचा तिथे.”

“पूर्वी डास यायचे, फादर. अख्ख्या गावाचा कचरा यायचा, आणि टाकणारे सगळे आपलेच, रविवारी कम्युनियन घेणारे. म्हणून तर बुजवलं.”

“कचरा काढायचा सोडून तळंच काढलंत.”

इनासला ते झोंबलं.

“माझ्या बापानं त्या बावखलावर रहाट हाकला. मला काय बरं वाटलं असेल? पण लोकांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं. बाग दिसते. तळं साफ ठेवलं तर कोण बघायला येणार?”



फादर सूप बाजूला सारून उठले.

“रविवार कशाला? आत्ताच देतो आशीर्वाद. विहिरीचं पाणी आण.”

इनासचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला.

“ऑफिसात बाटलीचं पाणी आहे, फादर. स्वच्छ.”

“पवित्र पाणी आपण विकत कधीपासून घ्यायला लागलो रे?”

इनास मुकाट्यानं विहिरीवर गेला. एके काळी सगळी आळी याच विहिरीचं पाणी प्यायची. बावखल बुजलं, गोडं पाणी मुरायचं थांबलं, आणि जवळच्या समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकलं. आता बायका टँकरपुढे उभ्या राहून भांडत, आणि चर्चच्या पायरीवर एकमेकींकडे बघतसुद्धा नसत.

त्यानं बादली भरून आणली. फादरांनी तोवर गळ्यात स्टोल, विधीच्या वेळचा लांब पट्टा, घातला होता.

पाणी आशीर्वादित करताना त्यात चिमूटभर मीठ टाकायची जुनी रीत. लहानपणी मिठाची बशी धरायचं काम इनासचंच. न सांगता त्यानं व्हरांड्यातल्या कपाटातून बशी काढली आणि पुढे धरली.

फादरांनी बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग त्याच पाण्यानं ओंजळ भरून इनासच्या ओठांपुढे नेली.

तो प्यायला. नाइलाजानं गिळलं.



 फादरांनी त्याच्या हातातली बशी हलकेच काढून घेतली आणि जागेवर ठेवून दिली.

“मीठ नको. ते आपण आधीच घातलंय. उचल बादली, इनास... तुझी झाडं तहानली असतील.”