बेहेरेसाहेबांचा चहा

नाशिकच्या एका कंपनीत बेहेरेसाहेब म्हणजे नेटवर्कचे सम्राट. एका मशीनला दुसऱ्याचा पत्ता हवा असला की त्याने सगळ्यांना हाक मारून विचारायचं आणि ज्याचं त्याने उत्तर द्यायचं, ही जुनी रीत साहेबांनी मोडली. "हा कलकलाट बंद! उत्तर मधला कंट्रोलर देईल, माझ्या पत्त्यांच्या यादीतून."

सोमवारी कंपनीने सांभाळायला घेतलेलं एका रुग्णालयाचं रिपोर्टचं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं आणि रिपोर्ट यायचेच थांबले. साहेबांनी खापर फोडलं ते मशीन एकमेकांना जोडणारा व्हर्च्युअल स्विच सांभाळणाऱ्या हर्षला तांडेलवर. भर मीटिंगमध्ये माफीनामा तिच्यापुढे सरकवला. "कर सही."

"स्विच ठणठणीत आहे, साहेब. तुमच्या यादीत मशीनची जुनीच जागा आहे."

"माझी यादी चुकत नाही!"

"बरं." हर्षलाने दारातून चहा घेऊन येणाऱ्या शेवंतामावशींना थांबवलं. "मावशी, साहेबांचा कप बाहेर लावलेल्या, कोण कुठे बसतं त्या यादीत त्यांची जी जागा लिहिलीय, तिथे नेऊन ठेवा."

यादीत साहेबांची गेल्या वर्षीची, तिसऱ्या मजल्यावरची केबिन होती. मावशी कप घेऊन वळल्या.

"अहो मावशी, कुठे चाललात? मी इथे बसलोय!"

"साहेब, तुम्ही बोलायचं नाही," हर्षला म्हणाली. "उत्तर यादी देईल."

खोलीत खसखस पिकली. हर्षलाने माफीनामा बिनसहीचाच परत सरकवला.

"ते मशीनही सकाळपासून हेच ओरडतंय, 'मी इथे आहे.' त्याचं तोंड तुम्ही बांधलंय."

साहेबांनी आधी तो नियम काढायला लावला, मग चहा मागितला. तोवर चहा तिसऱ्या मजल्यावर निवला होता.