आरसेवाल्याची कबुली

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळची. तेव्हा पठारावर एका सुलतानाचं राज्य होतं. डोंगराडोंगरावर मनोरे होते आणि प्रत्येक मनोऱ्यावर पितळेचा मोठा आरसा. शत्रू आला, नदीला पूर आला, की आरशावर ऊन झेलून तिरीप पुढच्या मनोऱ्याकडे पाठवायची. घोडेस्वाराला दोन दिवस लागतील ती बातमी आरसे घटकाभरात पोचवत.

एका गावच्या मनोऱ्यावर मुस्तकीम होता. त्याच्यासारखा हात साऱ्या राज्यात नव्हता. त्याच्या एका इशाऱ्याने नदीकाठची सात गावं पुरातून वाचली होती. तो बाजारातून निघाला की लोक उठून सलाम करत.

त्याच गावात हैबतखान नावाचा व्यापारी होता. त्याने एकदा मुस्तकीमला गाठलं.

"राजधानीत रोज तितरांच्या झुंजी होतात. कुठला तितर जिंकला, एवढंच इथे कळायला हवं. तू आरसा सांभाळ, बाकी मी बघतो."

"पण हा जुगार झाला."

"खेळणारे खेळतील. तुझ्या हातात फक्त ऊन!"

मुस्तकीमला ते पटलं. हैबतखानाने सोबत आणलेला जरीचा अंगरखा त्याहून जास्त पटला.

मग झुंजीचा निकाल रोज आरशावरून येऊ लागला आणि कोणाला जुगाराच्या अड्ड्यावर जावं लागेना. हैबतखानाची माणसं दारोदार फिरून पैजा घेऊ लागली. चार लोक बघतील ही लाज होती, तीही सुटली. कोणी भांडी हरलं, कोणी बैल. एका विणकराने तर हातमागच पणाला लावला. तो हरला आणि माग मोडून परगावी विकला गेला, तेव्हा विणकराची बायको रुकय्या काझीच्या दारी उभी राहिली.

काझीने सगळ्यांना बोलावलं. हैबतखानाविरुद्ध साक्षीदार मिळाले आणि त्याला कैद झाली. मग मुस्तकीमची पाळी आली. पण आरशाची भाषा गावात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. तिरीप झुंजीची होती की पुराची, कोण सांगणार?

काझी म्हणाला, "साक्षीदार नाही, म्हणून गुन्हा शाबीत नाही. नुसत्या संशयावर कायदा शिक्षा देत नाही. तू जाऊ शकतोस."

मुस्तकीम दारापर्यंत गेला. तिथे रुकय्या बसली होती. सुताने कापलेली तिची बोटं मांडीवर नुसती पडून होती. तो थांबला, आणि मागे वळला.

"काझीसाहेब, साक्षीदार आहे. मी स्वतः."

"नीट विचार कर. अजून शब्द मागे घेता येईल."

काझीने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मुस्तकीम तेच बोलला, "पैज मी लावली नाही. पण ती घराघरात नेली मीच."

मग काझी म्हणाला, "जुगाराला असा हात देणाऱ्यासाठी धर्मशास्त्रात ठरलेली शिक्षा नाही. ती काझीच्या विवेकावर सोडली आहे, आणि माणूस सुधारावा हा तिचा हेतू. वर्षभर तुला मनोरा बंद. सुताराच्या हाताखाली राब आणि या बाईला नवा माग करून दे."

"कबूल," मुस्तकीम म्हणाला.

गर्दीत त्याची म्हातारी आई होती. शेजारीण हळहळली, "काय ही बेइज्जती झाली हो!"

"बेइज्जती?" म्हातारी ताठ उभी राहिली. "काझीने त्याला सोडलं होतं, माझा मुलगा स्वतःहून परत फिरला. सात गावं वाचवली तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता."

मुस्तकीमने माग घडवला. हाताला घट्टे पडले, पण रुकय्याच्या घरात पुन्हा कापड विणलं जाऊ लागलं. वर्ष सरलं तेव्हा सारा गाव त्याला मनोऱ्यावर न्यायला आला, आणि सगळ्यांच्या पुढे काझी चालत होता. पुढे राज्यात नवा आरसेवाला नेमायचा झाला, की त्याला आधी मुस्तकीमकडे शिकायला पाठवत.

तात्पर्य: पापाला वाट करून देणारा पापाचा वाटेकरीच असतो, पण ते आपल्या तोंडाने कबूल करतो त्याची मान कधी खाली जात नाही.