दहाव्याला दिलेला शब्द

"मग कावळा शिवत का नाही, बुवा? सगळं तर कबूल केलं."

शैलेंद्र कोठावळे बंधाऱ्यावरून चालत नदी ओलांडून आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, डोकं नुकतंच भादरलेलं. समोरच्या घाटावर त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, दहावा होता. सकाळी मांडलेला पिंड ऊन कललं तरी तसाच होता आणि सगळं गाव तिथं ताटकळत बसलं होतं.

गोसावीबुवा झोपडीच्या दारात चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय काय कबूल केलंस?"

"वखार विकणार नाही म्हटलं. आईला अंतर देणार नाही. बहिणीचं माहेर तोडणार नाही…"

"आणखी?"

"अण्णांच्या नावानं वाचनालय बांधतो म्हटलं."

"अण्णांना वाचता यायचं?"

शैलेंद्रनं मान खाली घातली.

"नाही."

बुवांनी चूल फुंकली. धूर झाला…

"भटजी म्हणतात, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू. करतात तसं. पण बुवा, उद्या मी नगराध्यक्षपदाचा अर्ज भरतोय. लोक काय म्हणतील? याच्या शब्दाला गावातल्या सगळ्यांचे कावळे आले, बापाचाच आला नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

गावात कुणी गेलं की सरणाची लाकडं कोठावळ्यांच्या वखारीतून जायची. अण्णा स्वतः हातानं वाळलेली लाकडं निवडायचे, गाडी भरून द्यायचे आणि घरीच थांबायचे. शैलेंद्र मात्र गाडीमागून घाटावर जाऊ लागला. मिशी फुटायच्या वयापासून त्याला बोलायची हौस. जळत्या चितेपुढं उभं राहून तो श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून यायचे.

एकदा सुतारांच्या तानूआजीच्या दहाव्याला कावळा अडला. लेक रडकुंडीला आला. तेव्हा शैलेंद्र पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "आजी, नातवाला नोकरीला लावतो. माझा शब्द." कावळा खाली उतरला आणि भाताला चोच लावून गेला.

तेव्हापासून कुणाचा कावळा अडला की वखारीच्या दारात मोटारसायकल उभी राहायची. "दादा, चला." दादा जायचे, शब्द द्यायचे, कावळा शिवायचा. पहिल्याच निवडणुकीत पोरगा नगरसेवक झाला. तसा तो वाईट नव्हता. त्या घटकेला त्याला सगळं खरंच वाटायचं.

"पाळलेस किती?" बुवांनी विचारलं.

"बुवा, गेलेली माणसं काही विचारायला येत नाहीत." शैलेंद्र कसंनुसं हसला.

बुवांनी आता मान वर केली. त्याच्याकडं नाही, त्याच्या डोक्यावरच्या करंजाकडं पाहिलं.

शैलेंद्रनंही पाहिलं.

चैत्र लागला तरी करंजाला अजून पालवी फुटली नव्हती. येताना त्याला वाटलं होतं, झाड दाट आहे…

फांदी फांदी कावळ्यांनी भरली होती. आवाज नाही. पंखाची हालचाल नाही. सगळ्या चोची त्याच्याकडं वळलेल्या.

"हे… कधीपासून?"

"सकाळपासून. तुझ्या आधी आले."

"हाकला ना त्यांना घाटाकडं."

"मी कुठं बोलावलेत?"

शैलेंद्रनं टाळ्या वाजवल्या. कुणी हललं नाही. मग त्यानं सवयीनं हात जोडले आणि सवयीचा आवाज लावला. "सगळ्यांचं करतो. एकदा नगराध्यक्ष होऊ द्या…"

सगळे कावळे एकदम एक फांदी खाली उतरले.

शैलेंद्र एक पाऊल मागं सरला. "शब्द देतो," तो घाईनं म्हणाला.

आणखी एक फांदी.

आता सगळ्यात पुढचा कावळा झोपडीच्या पत्र्यावर होता, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. त्यानं मान डाव्या अंगाला कलती धरली होती. तानूआजी अशीच मान धरून ऐकायची. तिचा एक कान गेलेला होता.

"आजी…" शैलेंद्र पुटपुटला. "नातवाचं काम केलं नाही मी. त्याचं नावसुद्धा आठवत नाही."

कावळा हलला नाही.

"मोठ्यानं सांग," बुवा हळूच म्हणाले. "तिला कमी ऐकू यायचं."

शैलेंद्रनं नदीकडं पाहिलं. वारा पडला होता. पाण्यावरून आवाज लांब जातो हे त्याला माहीत होतं. घाटावर कुणीतरी खोकलं, तेही इथं ऐकू आलं. तिथं त्याची माणसं होती. विरोधकही होते, हातांच्या घड्या घालून उभे. उद्याचा अर्ज होता. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये केळीच्या पानावर अण्णा उन्हात वाट पाहत होते.



मग त्यानं डोळे मिटले आणि चितेपुढं बोलायचा तसा, पोटातून आवाज काढला.

"तानूआजी, मी काम केलं नाही. शब्द दिला तेव्हा मलाही खरा वाटला होता. कावळा शिवला, लोक वाहवा म्हणाले, मी घरी गेलो आणि विसरलो."

घाटावरची कुजबुज थांबली. कुणीतरी उठून उभं राहिलं.

पत्र्यावरच्या कावळ्यानं मान सरळ केली. पंख पसरले. पाण्याला जवळजवळ चाटत तो पलीकडं गेला, पिंडाभोवती एकदा फिरला आणि खाली बसला.

"शिवला, शिवला…" घाटावर गलका झाला. त्यात आईचं रडणं वेगळं ऐकू येत होतं.

शैलेंद्र वाळूवर खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बापासाठी रडला. मग बुवांच्या पायाला हात लावून उठला, उपरण्यानं तोंड पुसलं.

"सुटलो, बुवा. येतो."

तो बंधाऱ्याकडं वळला आणि थांबला.

झाड रिकामं झालं होतं. त्याच्या आणि बंधाऱ्याच्या मध्ये, नदीच्या वाळूवर, कावळे ओळीनं बसले होते. सकाळी त्याच्या संपर्क कार्यालयाबाहेर माणसं बसतात तसे, पुढचा पुढं, मागचा मागं, शांत. वाट राहिली नव्हती.

"बुवा…"

बुवांनी कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, झटकलं आणि त्याच्यासाठी वाळूवर अंथरलं.

"सुटले ते अण्णा," ते म्हणाले. "तू बस."