थेंब सांडेल त्यानं गाव सोडावं

सरदार उदाजीरावांनी आपलं चिंचोळं न्हाणीघर नव्यानं बांधायला काढलं. साहेबाच्या बंगल्यात पाहिलेला खोल टब आता त्यांनाही हवा होता, तोही तांब्याचा. त्यांनी भर चावडीवर हुकूम सोडला, "टब काठोकाठ भरलेला हवा, आम्ही त्यात गळ्यापर्यंत बुडून बसणार. ज्याच्यामुळे नव्या फरशीवर थेंब सांडेल, त्यानं गाव सोडायचं!"

भरल्या हंड्यात भोपळा सोडला की पाणी सांडतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सरदारांना सांगणार कोण? सरदार भरल्या टबात उतरले की पाणी सांडायचंच, आणि दोष टब घडवणाऱ्याचा; असे दोन तांबट बिचारे बायकापोरांसह गाव सोडून गेले. मग पाळी आली म्हाताऱ्या चंद्राक्का तांबटिणीची. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पोट यांचं सुटलेलं, आणि खोट म्हणे आमच्या टबात!

"सरकार," ती म्हणाली, "आधी बसा, मग भरते."

सरदार कोरड्या टबात बसले. चंद्राक्कानं घागरीमागून घागर ओतली. पाणी काठाला टेकलं, थेंबही सांडला नाही.

"शाब्बास! आता हात दे, उठतो."

"उठा की! पण हलाल तर पाणी सांडेल, आणि हुकूम तर तुमचाच आहे."

दारात नोकरचाकर गोळा झाले होते. पाणी गार पडत चाललं. सरदारांना ओरडायचीही चोरी, कारण ओरडलं की पोट हलतं.

शेवटी ते पुटपुटले, "हुकूम रद्द. त्या दोघांना परत बोलवा."

मग ते काठ धरून धडपडत उठले, आणि पाण्याची लाट उसळून फरशीवर आली. चंद्राक्कानं फडकं पुढं केलं. "घ्या सरकार. ज्यानं सांडलं त्यानं पुसावं."