लगमीचे पाय आणि टिटवीची अंडी

ढगांनाही पाठ टेकता यावी इतक्या उंच सड्यावर लगमीचं झोपडं होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ माळरान. घरात लगमी आणि तिचा बा, दोघंच. आई देवाघरी गेलेली. सगळी भिस्त काजळी म्हशीवर, आणि नेमकी काजळीच कालपासून हरवली होती. ती सापडली नाही, तर बा शहरात कामाला जाणार आणि लगमी मामीकडे राहणार. म्हणून लगमीच्या पायाला भिंगरी लागली होती. तशी ती एरवीही एका जागी ठरणारी नव्हेच म्हणा!

त्यात आज सडा जाळायचा दिवस. वाळलेलं गवत जाळलं की पावसात नवं गवत दाट येतं, अशी तिथल्या धनगरांची जुनी समजूत. दुपार कलली की पल्याडच्या कड्याकडून आग लावणार होते. त्याआधी काजळी सापडायला हवी होती.

लगमी धावत होती, तोच पायाशी टिवटिवाट करत एक टिटवी उठली. पिवळे पिवळे पाय, डोक्यावर काळी टोपी. पण हाय रे दैवा, एक पंख लोंबत होता! ती लंगडत लंगडत दूर सरकू लागली. लगमीचा जीव कळवळला. म्हैस राहिली बाजूला, ही आपली टिटवीमागे. हात लावणार, तेवढ्यात टिटवी भुर्रकन उडाली. पंख अगदी ठणठणीत!

खडकावर कुणीतरी खुदकन हसलं. बघते तर करंगळीएवढी परी! पंख हळदी, कडा मोरपंखी, केसांत इवल्या इवल्या चांदण्या. परीनं तिला सगळं समजावलं. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. ऊन चढलं की पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. कुणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेते. लगमीनं वळून पाहिलं. खरंच, मघाच्या जागी चार चिमुकली अंडी टोकं आत करून पडली होती.

"पण तू तिला धरायला नाही, तिचा पंख बांधायला धावलीस," परी म्हणाली. "एक इच्छा माग. एकच हं. आणि ती पुरी होईस्तोवर पाऊल हललं, तर इच्छा मोडली."

लगमी 'काजळी' म्हणणारच होती, इतक्यात नाकात धूर गेला. आज आग लवकर लावली होती! नारिंगी जिभा गवत चाटत येत होत्या. टिटवी वेड्यासारखी घिरट्या घालत होती. अंडी हलवली तर ती टिटवीला सापडणार नाहीत, असं परी म्हणाली. लगमीला रडूच फुटलं. काजळी हवी होती, फार फार हवी होती.

"या अंड्यांना आग लागू नये," ती म्हणाली आणि अंड्यांशेजारी उभी राहिली.

तिच्याभोवती रुपेरी रिंगण उमटलं. आग तिथवर आली आणि वळसा घालून गेली. तळवे भाजले, पायांना मुंग्या आल्या. आणि तेव्हाच खालच्या घळीतून काजळीचं रेकणं ऐकू आलं. लगमीचे पाय शिवशिवले. तिनं हाका मारल्या, पण त्या आगीच्या कडकडाटात विरल्या. रेकणं लांब लांब गेलं. लगमी हुंदके देत राहिली, पण पाऊल उचललं नाही.

आग विझली. सगळा सडा काळाकुट्ट झाला. मधोमध तेवढं सोनेरी गवताचं एक रिंगण उरलं. त्यात एक अंडं तडकलं, ओलं पिटुकलं पिल्लू बाहेर आलं आणि पिसं वाळतात न वाळतात तोच तुरुतुरु चालूही लागलं.

आता काजळीला शोधायचं कुठं, म्हणून लगमी डोळे पुसत होती, तेवढ्यात धुरातून काजळीच आली! भुकेनं व्याकूळ झालेली, आणि अख्ख्या सड्यावर गवत उरलं होतं ते इथंच. टिटवी पंख पसरून तिच्या नाकासमोर ओरडली, तशी बिचारी मागे सरली आणि कडेचं गवत खाऊ लागली.

"परीबाई, ही तू आणलीस व्हय?"

"छे गं. इच्छा तर एकच होती. गवत तू राखलंस, ती वासावर आली."

परीभोवतीचा उजेड वाढत गेला. इतका, की लगमीनं डोळे मिटले. उघडले, तर खडकावर नुसतं ऊन होतं.

लांबून बा धापा टाकत येत होता. लगमी दोन्ही हात पसरून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बा, तिथंच थांब. हिथं बाळं हायेत."