आक्काचं पपनस

एका गावात विश्राम नावाचा एक शिंपी होता. हात कसबी, पण स्वभाव भिडस्त. गिऱ्हाईक 'उद्याच हवं' म्हणालं की याच्या तोंडून 'हो' निघालंच. मग कापड पंधरा दिवस तसंच पडून. लोक हसत, तोही हसे.

त्याची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा थोरली बहीण पुढे आली. आक्काने आपलं एक मूत्रपिंड त्याला दिलं. शरीराने ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी विश्रामला रोजच्या गोळ्या लागल्या. डॉक्टरांनी बजावलं, "पपनस कायमचं वर्ज्य. त्याने गोळीचा अंमल भलताच वाढतो आणि मूत्रपिंडालाच अपाय होतो." आक्का तेव्हा दुसऱ्या खोलीत टाके सांभाळत पडली होती. तिला हे कुणी सांगितलंच नाही.

भाद्रपदात आक्काच्या परसातलं पपनस लगडलं. ती टोपली भरून आली. पांढरा पापुद्रा सोलून तिने एक फोड विश्रामच्या हातावर ठेवली. "खा रे. लहानपणी यासाठी माझ्याशी भांडायचास."

'नको' विश्रामच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जिने पोटातलं काढून दिलं, तिच्या हातचं फळ नाकारायचं कसं? त्याने खाल्लं. आक्का हरखली आणि रोजच येऊ लागली.

पुढे त्याचे हात कापू लागले. सुईत दोरा ओवेना. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही वेगळं?" दाराबाहेर बाकावर आक्का बसली होती. खरं सांगावं, तर डॉक्टर तिला आत बोलावून चार शब्द सुनावणार.

"नाही, नेहमीचंच," विश्राम म्हणाला.

पपनसाचा हंगाम सरायच्या आत मूत्रपिंड बंद पडलं. तेव्हा कुठे त्याने रडत रडत आक्काला सगळं सांगितलं.

तिचा हात आपसूक कुशीवरच्या व्रणाकडे गेला.

"एकदा 'नको' म्हणाला असतास, तर मी फार तर घटकाभर रुसले असते रे," ती म्हणाली. "आता दिलेलं मी माझ्याच हाताने परत घेतलं. हे ओझं कुठे ठेवू?"

विश्रामला मान वर करवेना. त्याला द्यायला आता आक्काकडेही काही उरलं नव्हतं.

तात्पर्य: माया करणाऱ्याचं मन राखण्यासाठी त्याच्यापासून खरं लपवू नये; ज्याने आपल्याला सर्वात जास्त दिलं, त्यालाच 'नको' सर्वात आधी सांगावं.