काट्यांनी जोडलेलं घर

त्या राज्यात गुहा फक्त सुळेवाल्यांना मिळत. बाकीच्यांनी उघड्यावर राहायचं आणि थंडीत मरायचं, असा रिवाज होता, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बीळ खणावं, तर खाली सगळा कातळ.

सटवाजी साळिंदराची दोन पोरं मागल्या हिवाळ्यात गारठून गेली. तिसरी, चिमी, तेवढी उरली. तिला जगवायचं, एवढंच आता नवरा-बायकोच्या डोक्यात होतं. सटवाजीने वाऱ्याने पडलेली लाकडं ओढून आणली, कातळाच्या भेगांत चार मेढी रोवल्या, वर आढं चढवलं. त्याच्या बायकोने, भागूने, भिंतींसाठी कारवीच्या तट्ट्या विणल्या आणि शेणमातीत भुसा कालवून त्या लिंपल्या. छपराला गवत शाकारलं. पण खिळे आणणार कुठून? मग या पठ्ठ्याने स्वतःच्या पाठीवरचे काटे उपटले आणि एकेक करून सांध्यांत ठोकले. घर पुरं झालं तेव्हा त्याची पाठ सोलल्यासारखी दिसत होती. शेजारी पोट धरधरून हसले. पण त्या हिवाळ्यात चिमी जगली.

पुढच्या थंडीत वाघीणबाई शिकारीहून परतताना तिथे थांबल्या. संगमरवरी गुहेचा त्यांना कंटाळा आला होता.

"अगं बाई, काय साधेपणा हा! आणि मातीचा वास तरी बघा. हे आपल्या बागेत हवं," त्या म्हणाल्या.

त्यांचा कारभारी तरस म्हणाला, "न्यायला गेलो तर मोडेल, सरकार."

इथे सटवाजीचा घात झाला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांपैकी कोणी त्याच्या कामाबद्दल बोलत होतं, आणि तेही चुकीचं!

"मोडेल? माझं घर?" भागूने चिमटा काढला, तरी गडी थांबेना. "हा काटा उपसा, मेढ सुटली. तो उपसा, तट्टी सुटली. ओरखडासुद्धा उठायचा नाही!" आणि त्याने ते करूनच दाखवलं.

दुपारपर्यंत घर गाड्यांवर चढलं. भागू हात जोडून रडत राहिली, आणि हा मूर्ख गाड्यांमागून ओरडत चालला, "अरे, आढं सांभाळून! तट्ट्या आडव्या नका ठेवू!" गुहेसमोरच्या बागेत त्यानेच ते पुन्हा उभं केलं. बक्षीस म्हणून कुटुंबाला अंगणात बसायची परवानगी मिळाली. आत यायची नाही. दारात राहणारे दिसले की घर कसं खरं वाटतं, असं बाईंचं मत होतं.

पाहुणे येऊ लागले. आत बसून, हाडं चघळत ते एकमेकांना सांगायचे की जगायला खरं तर किती थोडं लागतं.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि थंडीतला पाऊस कोसळू लागला, बर्फासारखा गार. चिमी कुडकुडत होती, मग तिचं कुडकुडणंही मंदावलं. भागूने घराचं दार बडवलं.

"बाईसाहेब, पोरीला तरी कोपऱ्यात घ्या हो!"

सटवाजीही आता ओरडत होता. त्याला सगळं कळलं होतं, पण फार उशिरा.

आतून बाईंचा घाबरा आवाज आला, "अहो कारभारी, पांघरुणं आणा, धावा लवकर!"

तरस आणि चार नोकर जाड लोकरीची घोंगडी घेऊन पावसातून धावत आले. भागूने दोन्ही हातांनी पोर पुढे केलं. तिला वळसा घालून ते घराच्या भिंतींपाशी गेले, त्यांच्या ओल्या लिंपणावर घोंगडी पांघरली आणि कुठे वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी हलक्या हाताने नीट खोचली.